टॉर्क कन्व्हर्टर : त्याचें काम आणि त्याचीं दुखणीं

मे महिन्यांतील दुपार आहे. शेगांवीं गजानन महाराजांचें दर्शन आटोपून पुण्याकडील एक कुटुंब आपल्या मूळ गांवीं, वरवट बकाल येथें, लग्नासाठीं निघालें आहे, अशी कल्पना करावी. मोटार अगदीं नवी नाहीं, पण निगा चांगली आहे; तिला क्लचचें पायदान नाहीं, गिअर आपोआप बदलतात. पूर्णेचा पूल ओलांडला, सरळ सपाट रस्ता लागला, वेगाचा कांटा साठ किलोमीटरांवर स्थिरावला, आणि एकाएकीं सगळी गाडी थरथरूं लागली. जणूं डांबर संपून खडीवरूनच चाकें चाललीं आहेत. चालकानें पाय उचलला, थरथर थांबली. पुन्हां पाय ठेवला, पुन्हां थरथर. गांव येईपर्यंत गाडींतील मंडळी गप्प होती. मांडवापाशीं उतरतांच चार जाणत्यांनीं चार निदानें सांगितलीं : चाकांचा तोल गेला, इंजिनाचा प्लग मेला, गिअरबॉक्स बसला, आणि कन्व्हर्टर गेला. शेवटचें निदान सर्वांत महाग, आणि सर्वांत ठासून सांगितलेलेंहि तेंच.

हा कन्व्हर्टर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यांत बसलेला असतो. दोन पराती तोंडाला तोंड लावून कडेनें वेल्डिंग करावें तसा दिसणारा हा पोलादी डबा. त्याला झांकण नाहीं. आंत काय चाललें आहे तें पाहतां येत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्यावर घेतलेला आळ खोडून काढणेंहि कठीण जातें. आपोआप चालणाऱ्या गाडींत कांहींहि बिघडलें कीं पुष्कळ वेळां त्याचेंच नांव पुढें येतें. तो खरोखरच गुन्हेगार आहे कीं नुसता संशयित, हें त्याचें काम समजल्याशिवाय ठरवितां येणार नाहीं.

बैल जागच्या जागीं उभा राहून मान खालीं घालून ओढ घेऊं शकतो. चाक तसूभर हललें नाहीं तरी त्याचा जोर जुंवावर असतोच. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला हें जमत नाहीं. मिनिटाला सहा-सातशें फेऱ्यांच्या फारसें खालीं आणलें कीं तें धाप लागून बंद पडतें. गाडीचें चाक तर प्रारंभीं उभेंच असतें. तेव्हां फिरतें इंजिन आणि उभें चाक यांची गांठ घालतांना मध्यें कोणी तरी घसरणारा मध्यस्थ हवा. साध्या मोटारींत तो मध्यस्थ म्हणजे क्लच, आणि त्यानें किती घसरावें हें चालकाचा डावा पाय ठरवितो. ज्या मोटारींत डाव्या पायाला काम नाहीं तिच्यांत ही मध्यस्थी तेलाकडे सोंपविलेली असते.

ही युक्ति मुळांत मोटारीसाठीं निघाली नाहीं. हर्मान फोटिंगर हे जर्मनींतील स्टेटीन बंदराच्या व्हल्कन जहाजकारखान्यांत एंजिनियर होते. वाफेचें टर्बाइन अतिशय वेगानें फिरे. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाण्यांत नीट काम देई. टर्बाइनानें एक पंप फिरवावा, पंपाच्या पाण्यानें दुसरें चाक फिरवावें, आणि पंप व चाक हीं दोन्ही एकाच डब्यांत इतकीं जवळ आणावीं कीं मधल्या नळांतील तोटाच नाहींसा व्हावा, असा विचार करून त्यांनीं १९०५ सालीं पेटंट घेतलें. समुद्रावरची ही कल्पना पुढें रस्त्यावर उतरली. अमेरिकेंत १९४८ सालीं ब्युइक गाडीला कन्व्हर्टरवर चालणारी डायनाफ्लो रचना मिळाली आणि १९४९ सालीं पॅकार्डनें तिच्यांत एका महत्त्वाच्या क्लचची भर घातली. त्या क्लचची हकीकत पुढें येईलच. आपल्याकडे रुळांवरहि या कल्पनेनें मोठें काम केलें. रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठीं मनमोहन सुरी यांनीं रचलेली आणि त्यांच्याच नांवानें ओळखली गेलेली 'सुरी ट्रान्समिशन' याच घराण्यांतील. सुरी यांना १९६२ सालचें भटनागर पारितोषिक मिळालें. रेल्वेसाठीं लागणारीं या जातीचीं यंत्रें पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कारखान्यांतहि तयार झालीं.

आतां डब्याच्या आंत डोकवावयाचें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवावे आणि एकच सुरू करावा. त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. दुसऱ्याला हातानें धरून ठेवलें तरी पहिला बंद पडत नाहीं. वारा वाहत राहतो इतकेंच. कन्व्हर्टरांत वाऱ्याच्या जागीं तेल असतें. पहिला पंखा, म्हणजे इम्पेलर, डब्याच्याच एका बाजूला आंतून जडलेला असतो. डबा इंजिनाला बोल्टांनीं जोडलेला, म्हणून इंजिन फिरतें तोंवर इम्पेलरहि फिरतो आणि तेलाला मध्यापासून कडेकडे भिरकावतो. तेथून तें समोरच्या पंख्याच्या, म्हणजे टर्बाइनाच्या, वळणदार पात्यांवर आदळतें, त्याला फिरवितें आणि पुन्हां मध्याकडे परत येतें. टर्बाइनाचा दांडा गिअरबॉक्समध्यें जातो. चाकाकडे जाणारी वाट ती.

एवढ्यावर काम थांबलें असतें तर या यंत्राला कन्व्हर्टर म्हणावयाचें कारण नव्हतें. खरी गंमत तिसऱ्या, लहानशा चाकांत आहे. टर्बाइनाच्या पात्यांवरून परतणारें तेल उलट दिशेला वळलेलें असतें. तें तसेंच इम्पेलरावर पडलें तर इंजिनाला मागें ढकलील. म्हणून वाटेंत स्टेटर नांवाचें चाक बसविलेलें असतें. तें परतणाऱ्या तेलाची दिशा फिरवून त्याला इम्पेलराच्या पाठीवर थाप मारावयास लावतें. हें करतांना स्टेटराला स्वतःला जो मागें रेटा बसतो तो गिअरबॉक्सच्या अचल सांगाड्यावर जिरतो. भिंतीला पाठ टेकून जड पेटी पायांनीं लोटणाऱ्या माणसाला भिंत जशी उपयोगी पडते तसाच हा आधार. इंजिनाचा जोर आणि स्टेटराचा आधार यांची बेरीज टर्बाइनावर पडते, आणि गाडी सुटण्याच्या क्षणीं ती इंजिनाच्या जोराच्या सुमारें दुप्पट भरते. गाडी वेगावर आली, टर्बाइनाचे फेरे इम्पेलराच्या फेऱ्यांच्या ८५-९० टक्क्यांवर गेले, कीं तेलाची दिशा बदलते आणि उभा स्टेटर वाटेंतला अडथळा होऊं लागतो. त्या वेळीं त्याला मोकळें फिरतां यावें म्हणून त्याच्या पोटांत एकाच दिशेनें फिरूं देणारी कळ असते. सायकलच्या फ्रीव्हीलचीच ती बहीण. ही कळ ध्यानांत ठेवावी, कारण पुढें दोन दुखणीं तिच्यावरूनच ओळखावयाचीं आहेत.

जोर दुप्पट झाला म्हणून शक्ति दुप्पट झाली असें मात्र नव्हे. गाडी उभी, टर्बाइन उभें, आणि इंजिन धडधडत आहे, अशा वेळीं बाहेर पडणारें काम शून्य असतें. सगळी शक्ति तेल घुसळण्यांत जाते. ताक घुसळल्यावर लोणी तरी निघतें, येथें निघते ती केवळ उष्णता. दीडशें न्यूटन-मीटर जोरानें मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाची शक्ति सुमारें ३१ किलोवॅट होते. न्हाणीघरांतील दोन किलोवॅटचे पंधरा गिझर त्या परातीएवढ्या डब्यांत एकदम चालू करावे तसा हा प्रकार. डब्यांत अडीच-तीन किलो तेल असेल तर तें दर सेकंदाला पांच-सहा अंशांनीं तापतें. दहा सेकंद ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबून धरण्याचा अर्थ काय होतो, हें यावरून समजेल. एरव्हीं या तेलाचें तपमान ८० ते १०० अंशांच्या आसपास राहावें अशी योजना असते. १३० च्या पुढें तें झपाट्यानें म्हातारें होतें.

वेगावर गेल्यावरहि दोन पंख्यांमध्यें थोडी घसर उरतेच, आणि तितकें पेट्रोल वायां जातें. पॅकार्डचा क्लच आला तो यासाठीं. त्याला लॉक-अप क्लच म्हणतात. टर्बाइनाला जोडलेली, घर्षणाचें अस्तर लावलेली एक चकती तेलाच्या दाबानें डब्याच्या भिंतीवर चिकटविली जाते, आणि मग इंजिन व गिअरबॉक्स एकजीव होऊन फिरतात; तेलाची मध्यस्थी संपते. हा क्लच केव्हां लावावा व केव्हां सोडावा हें पूर्वीं केवळ तेलाचा दाब ठरवीत असे. आतां संगणक ठरवितो, आणि पुष्कळ गाड्यांत तर त्याला मुद्दाम अर्धवट, किंचित् घसरत ठेवतो. या अर्धवट घसरण्यांतच आजकालच्या थरथरीचें बीज आहे.

येथें एक प्रश्न आधींच विचारून घेणें बरें. गाडींत कन्व्हर्टर आहे तरी का? क्लचचें पायदान नसलें म्हणजे कन्व्हर्टर असतोच असें नाहीं. भारतांत २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओपासून जी स्वस्त जात लोकप्रिय झाली, तिच्यांत साधाच गिअरबॉक्स व साधाच क्लच असतो. फक्त ते दाबण्याचें काम यंत्र करतें. दोन क्लचांच्या गिअरबॉक्समध्येंहि सामान्यतः कन्व्हर्टर नसतो. उलट पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक सी.व्ही.टी. गाड्यांत तो असतो. जो अवयव गाडींत नाहींच त्याच्या दुरुस्तीचा अंदाज कोणी सांगूं लागला, तर गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका त्याच्यापुढें उघडून ठेवावी.

वरवट बकालसारख्या गांवीं या यंत्राला तीन शत्रु भेटतात. सातपुड्याच्या पायथ्याचा हा संग्रामपूर तालुका उन्हाळ्यांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. तेल थंड करणारी हवाच इतकी ऊन, मग तेलानें जावें कोठें? दुसरा शत्रु पाणी. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा वऱ्हाडांतील माणसांना सांगावयास नको. विहिरीचें व बोअरचें पाणी खारट, पिण्यालाहि अयोग्य. वारी हनुमान येथील वान धरणाच्या गोड्या पाण्याचें मोल येथें म्हणूनच मोठें. पण रेडिएटर आटला कीं जवळच्या बोअरची बादली त्यांत ओतण्याचा मोह अजून पुष्कळांना होतो. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचें तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच पोटांतून जाते. क्षारांचा थर बसला कीं उष्णता बाहेर पडत नाहीं. मिठानें धातु खाल्ला आणि नळीला भोंक पडलें, कीं पाणी तेलांत आणि तेल पाण्यांत. लॉक-अप क्लचचें अस्तर कागदासारख्या तंतूंचें असून पोलादावर चिकटविलेलें असतें. तेलांत पाणी आलें कीं तें फुगतें, सुटतें. अशा गाडीचें तेल दूध घातलेल्या चहासारखें दिसतें, आणि तसें दिसल्यावर ती एक फर्लांगहि चालवूं नये. कंपनीनें सांगितलेलें तयार शीतक द्रव्य, किंवा त्याचा अर्क व बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी, एवढेंच रेडिएटरांत घालावें. एक बादली फुकट पाण्याची किंमत एका गिअरबॉक्सएवढी होऊं शकते.

तिसरा शत्रु चिखल. काळ्या कपाशीच्या जमिनींत पावसाळ्यांत रुतलेलें चाक सुटत नाहीं तेव्हां शहरांतील चालक अॅक्सिलरेटर दाबतच राहतो. चाकें गरगर फिरलीं तर गाडी खोल जाते. चाकें घट्ट धरलीं गेलीं तर ते पंधरा गिझर सुरू होतात. दोन-तीन सेकंद प्रयत्न करावा, मग गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन मिनिट-दोन मिनिटें चालूं द्यावें, म्हणजे तेल फिरून थंड होतें. चाकाखालीं तुराट्या घालून चार माणसांनीं धक्का देणें हें कन्व्हर्टरच्या दृष्टीनें सर्वांत उत्तम. आणि मदतीला ट्रॅक्टर आलाच तर त्यानें गाडी चिखलाबाहेर काढावी आणि तेथेंच थांबावें. गिअरबॉक्सला वंगण पोहोंचविणारा पंप कन्व्हर्टरच्या गळ्यानें, म्हणजे अखेर इंजिनानेंच फिरतो. इंजिन बंद असलेली अशी गाडी दोरानें शेगांवपर्यंत ओढत नेली तर आंतील चाकें कोरडीं फिरतात आणि जें बिघडलें नव्हतें तेंहि बिघडतें. ती सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावी, निदान चालतीं चाकें उचलून तरी. धक्का मारून सुरू करण्याचा उपाय अशा गाडीला लागू पडत नाहीं, कारण मधलें तेल हा धक्का इंजिनापर्यंत पोहोंचूंच देत नाहीं.

जळगांव जामोदकडून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या सातपुड्यांतील चढाबद्दलहि दोन शब्द. चढावर गाड्यांची रांग थांबली असतां अॅक्सिलरेटर किंचित् दाबून गाडी जागीं तोलून धरण्याची संवय फार वाईट. ब्रेक कशासाठीं आहे? लांब चढ असेल तर खालचा गिअर आपण होऊन निवडावा. त्यानें टर्बाइनाचे फेरे वाढतात, घसर कमी होते, आणि लॉक-अपलाहि लागण्यास संधि मिळते.

आतां निदान. प्रारंभ तेलापासून करावा, कारण तेवढेंच बाहेर काढून पाहतां येतें. ज्या गाड्यांना तेलाची पट्टी आहे त्यांत बहुधा इंजिन तापवून, चालू ठेवून, सपाट जागीं ती पाहावयाची असते; नव्या अनेक गाड्यांत पट्टीच नसते आणि ठराविक तपमानाला खालचें बूच उघडून पातळी पाहावी लागते, तेव्हां तें काम जाणत्याकडे द्यावें. तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपावा. नव्या तेलाचा रंग बहुधा तांबडा असतो. तपकिरी झालें तर तें वापरलेलें आहे इतकेंच. काळें पडून करपलेला वास येत असेल तर अस्तर जळलें आहे. चमकणारा धातूचा चुरा दिसला तर दुखणें खोल आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यांतून ठिबकणारा थेंबहि असाच फडक्यावर घ्यावा : तांबूस असेल तर कन्व्हर्टरच्या गळ्याचें सील संशयित, काळा असेल तर इंजिनाचें.

आपल्या लग्नाच्या मोटारीची थरथर ही ताशीं चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान, हलक्या पायावर येणारी. लॉक-अपच्या दुखण्याचें हें नेहमींचें रूप. त्याची एक सोपी परीक्षा आहे. रस्ता मोकळा असतांना, मागें कोणी नाहीं हें पाहून, थरथर चालू असतां उजवा पाय तसाच ठेवावा आणि डाव्या पायानें ब्रेकला नुसता स्पर्श करावा. मागचा दिवा लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा इशारा मिळतांच संगणक लॉक-अप सोडून देतो. थरथर तत्क्षणीं थांबली तर बोट लॉक-अपकडे वळतें. न थांबली तर चाकें, धुरा, इंजिनाचे रबरी आधार यांच्याकडे पाहावें. तथापि या परीक्षेंत एक चकवा आहे. इंजिनाचा एक प्लग मधून मधून चुकत असेल तर त्याचा धक्का तेल गिळून टाकतें. लॉक-अप लागल्यावर गिळावयास कोणी नसतें आणि धक्का अंगाला जाणवतो. म्हणजे लॉक-अप सुटतांच थरथर थांबली तरी मूळ गुन्हा प्लगचा असूं शकतो. म्हणून प्लग व कॉइल आधीं तपासून घ्याव्या. तें काम स्वस्त आहे.

संगणकाला यंत्र लावलें असतां पी ०७४१ सारखा आंकडा दिसला म्हणजे पुष्कळ ठिकाणीं कन्व्हर्टर बदलण्याचा निकाल लगेच दिला जातो. त्या आंकड्याचा अर्थ एवढाच कीं, लॉक-अप लाव असें संगणकानें सांगितलें आणि घसर थांबली नाहीं. हुकूम वाटेंत अडला असेल : तार तुटली असेल, सोलेनॉइडची झडप चिकटली असेल, तेल कमी असेल, तेलाच्या वाटांचा ठोकळा झिजला असेल. अस्तर झिजलेलें असणें ही त्यांतील एक शक्यता. याच्या उलट लॉक-अप लागून बसला आणि सुटेचना, तर सिग्नलला थांबतांना इंजिन धक्का देऊन बंद पडतें, साध्या गाडींत क्लच न दाबतां थांबावें तसें.

स्टेटराच्या कळेचीं दोन दुखणीं एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. कळ दोन्ही दिशांनीं मोकळी झाली तर भिंतीचा आधारच गेला. गाडी उभी असतां उठत नाहीं, चढावर रडते, पण एकदां वेगावर गेली कीं निरोगी गाडीसारखी धांवते. कळ अडकून बसली तर सुटतांना गाडी ठणठणीत, मात्र मोठ्या रस्त्यावर वेग चढत नाहीं आणि तेल तापतें. पहिल्या प्रकारांत इंजिनच दुबळें आहे असा भ्रम होतो, आणि फिल्टर, पंप, इंजेक्टर बदलण्यांत पैसा जातो.

ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्यें, पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन इंजिन किती फेऱ्यांवर अडतें हें पाहण्याची एक कसोटी कारागीर वापरतात. फेरे नेमलेल्या आंकड्याहून कमी भरले तर इंजिन दुबळें किंवा स्टेटर मोकळा. जास्त भरले तर तेल कमी किंवा गिअरबॉक्समधील क्लच घसरतात. कसोटी चांगली, पण तिला पांच सेकंदांहून अधिक वेळ देऊं नये. लग्नघरच्या अंगणांत, मुलें पुढें उभीं असतां, हौशी मंडळींनीं तर ती करूंच नये.

आवाजाचेंहि एक शास्त्र आहे. गिअर न्यूट्रलमध्यें असतां टर्बाइन व डबा जवळ जवळ बरोबर फिरतात. गिअर लावून ब्रेकवर उभें राहिलें कीं टर्बाइन थांबतें व डबा फिरत राहतो, आणि दोहोंमधील बेअरिंगवर ताण येतो. म्हणून गिअरमध्यें येणारी व न्यूट्रलमध्यें जाणारी घरघर बहुधा त्या बेअरिंगची. दोन्हीं स्थितींत टिकणारी खडखड असेल तर डबा इंजिनाला जोडणारी पातळ तबकडी तडकली किंवा तिचे बोल्ट ढिले झाले हें पाहावें. हा आवाज इंजिनाच्या पोटांतून येतो असें वाटून चांगलीं इंजिनें खोललीं जातात. सकाळीं पहिल्यांदा गिअर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करीत बसते, एरव्हीं नाहीं, याचें कारण पुष्कळदां एवढेंच कीं रात्रभरांत डब्यांतील तेल उतरून खालच्या तसराळ्यांत गेलेलें असतें.

उपचारांचा क्रमहि स्वस्ताकडून महागाकडे असावा. लॉक-अपची थरथर नवी असेल आणि अस्तर जळलेलें नसेल तर कंपनीनें नेमलेल्या जातीचें ताजें तेल घातल्यानेंच ती पुष्कळदां जाते, कारण घसरत्या अस्तराला पकड व सुळसुळीतपणा यांचा जो तोल लागतो तो तेलांतील औषधांवर अवलंबून असतो. एकाच वेळीं सगळें तेल निघत नाहीं. डब्यांतील बरेंचसें तेथेंच राहतें, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हां एकदां बदलावें लागतें. सी.व्ही.टी.चें तेल निराळें, साध्या आपोआप गिअरबॉक्सचें निराळें, आणि सगळ्यांना चालणारें म्हणून विकलें जाणारें तेल संशयानेंच पाहावें. 'जन्मभर पुरणारें तेल' या शब्दांवर वऱ्हाडच्या उन्हांत विसंबूं नये.

कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल तर तो लेथवर कापून, अस्तर व बेअरिंगें बदलून, पुन्हां जोडून व तोल साधून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. त्या वेळीं गाडीच्या मालकानें दोन गोष्टी विचाराव्या. तेल थंड करणारी नळी धुतली किंवा बदलली का? जुन्या डब्याचा चुरा तींत बसलेला असतो, आणि तोच नव्या डब्याला मारतो. आणि डबा बसवितांना तो पंपाच्या खांचेंत पुरता बसल्याची खात्री केली का? अर्धवट बसलेल्या डब्यावर बोल्ट आंवळले कीं इंजिन सुरू होण्यापूर्वींच पंप फुटतो, आणि दोष मात्र नव्या कन्व्हर्टरला दिला जातो.

वरवट बकालच्या त्या अंगणांत सायंकाळीं ऊन उतरल्यावर मोटार पुन्हां रस्त्यावर काढली गेली. ब्रेकला स्पर्श करतांच थरथर थांबली. तेल तपकिरी निघालें, करपलेलें नव्हतें, चहासारखेंहि नव्हतें. पुस्तिकेंत पाहतां तेल बदलण्याचें ठरलेलें अंतर केव्हांच उलटून गेलेलें होतें. चौथें निदान अवयवापुरतें खरें, रोगापुरतें खोटें, असें तूर्त तरी दिसत होतें. लग्न पार पडल्यावर पहांटेच्या गारव्यांत, ताशीं चाळिसाच्या आंत राहून गाडी अकोल्यास न्यावयाची, प्लग तपासून घ्यावयाचे आणि आधीं तेल बदलून पाहावयाचें असें ठरलें. रेडिएटरसाठीं भावकींतील एकानें बोअरच्या पाण्याची बादली आणून ठेवली होती. ती अंगणांतील धूळ बसविण्यास कामीं आली, आणि शेगांव स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना आणावयास चुलत्यांची जुनी जीप गेली.